रणदिव्यांनी पुन्हा लावलेले शोध

रणदिवेसाहेबांच्या गाडीला मागचं बघायला आरसा नव्हता. आरशाच्या जागी गायकवाड होते. मागच्या सीटवर गुडघे टेकून, गाडीच्या शेपटाकडे तोंड करून ते रोज बदलापूर ते अंबरनाथ ओरडत यायचे, "ट्रक आला! ट्रक डावीकडून घुसतोय! रिक्षा आहे, जाऊ द्या!"

आम्ही तिघं अंबरनाथच्या एमआयडीसीत एकाच कारखान्यात कामाला. रणदिवे प्रॉडक्शनचे अधिकारी, गायकवाड पर्सोनेलमध्ये, मी अकाउंट्सला. राहायलाही तिघं बदलापुरात एकाच सोसायटीत. ऐंशीच्या दशकात आमच्या सोसायटीत चारचाकी एकच होती, रणदिव्यांची. त्यामुळे "उद्यापासून माझ्याबरोबर चला" असं ते म्हणाले, तेव्हा आम्हाला लॉटरी लागल्यासारखं वाटलं. लॉटरी कसली, जन्मठेप!

ती जुनी विलायती गाडी त्यांनी उल्हासनगरच्या एका सिंधी भंगारवाल्याकडून घेतली, तेव्हा मी बरोबर होतो. शेटजी बॉनेटवर थाप मारून म्हणाले होते, "साईं, इंजन एकदम सोना है. बस, थोडा सोया हुआ है." खरं सांगायचं तर गाडी वाईट नव्हती. तिला आरसा होता, वायपर होते, बटण दाबलं की ती सुरू होत होती. पहिल्याच रविवारी रणदिव्यांनी हे सगळं स्वतःच्या हातांनी उतरवलं, एका गोणीत बांधलं आणि माळ्यावर टाकलं.

"अहो, चालू वस्तू काढता कशाला?" मी विचारलं.

"हे दुसऱ्यांना सुचलेलं आहे, मोरे. पहिली मोटार निघाली तेव्हा तिला यातलं काहीही नव्हतं. माणसांना एकेक गरज पडली, एकेक शोध लागला. आपणही त्याच वाटेने जायचं. आधी गरज, मग शोध."

"पण ती गरज जगाला पडून गेलीय ना!"

"जगाला. तुम्हाला कुठे पडलीय?"

मला ती पावसाळ्यात पडली. समोरच्या काचेवर धो धो पाणी आणि साहेबांनी माझ्या हातात अर्धा चिरलेला बटाटा दिला. काचेवर बटाटा चोळला की पाणी ठरत नाही, जुन्या काळी असंच करत, म्हणे. मी खिडकीतून अर्धा बाहेर लोंबकळत काचेला बटाटा लावत कामावर जात होतो. मस्टरवर सही करताना माझ्या बाहीतून पाणी गळायचं. पंधरवडाभर हे चाललं. मग एकदाची गरज सिद्ध झाली आणि साहेबांनी स्लिपरचं रबर लावलेला एक दांडा बसवला. त्याची मूठ गाडीच्या आत आणि ती हलवायला मी.

"वायपर एका बाईंना सुचला, मोरे," ते मला सांगू लागले. "परदेशात ट्रामवाला थंडीत काच उघडून बघत होता, ते त्यांनी पाहिलं. त्याच ट्राममध्ये पुरुषही होते. नुसते बसले होते." शेवटचं वाक्य माझ्याकडे बघून.

वळायची खूण म्हणून गाडीच्या कुशीला एक लाकडी हात होता, लाल रंगाचा. दोरी ओढली की तो वर व्हायचा. स्टेशनजवळच्या हवालदाराने पहिल्या दिवशी त्याला सलाम ठोकला होता.

हे सगळं आम्ही सोसलं. सोसवलं नाही ते हँडल. बटण माळ्यावर, त्यामुळे रोज सकाळी गाडीच्या तोंडात लोखंडी हँडल घालून ते गरागरा फिरवायचं. साहेब आत बसून सूचना देणार. "अंगठा बाहेर ठेवा! खालून वर ओढा! जोर लावा, जेवून आलात ना?" हँडल कधी उलटी लाथ मारील याचा नेम नसे. एके दिवशी त्याने गायकवाडांना मारली आणि त्यांचं मनगट प्लास्टरमध्ये गेलं.

साहेब मोसंबी घेऊन भेटायला गेले. खाटेशेजारी बसून त्यांनी हँडलने आजवर जगात किती जबडे आणि किती मनगटं मोडली त्याची हकिगत सांगितली. "शेवटी लोक कंटाळले आणि बटणाचा शोध लागला," ते आनंदाने म्हणाले.

"मग आता तरी बटण लावा!" गायकवाड जवळजवळ रडले.

"इतक्यात कसं? मधे बरंच राहिलंय. अजून आपले कार्बाइडचे, गॅसवर जळणारे दिवे व्हायचेत."

गायकवाड घरी बसल्यावर मागचं बघायला माणूस उरला नाही. गरज पडली. आठवडाभरात आरशाचा शोध लागला. हे ऐकून गायकवाडांनी छताकडे बघितलं. मग म्हणाले, "म्हणजे इतके दिवस माझ्यामुळे अडलं होतं?"

मी एकदा सुधावहिनींकडे, म्हणजे साहेबांच्या पत्नीकडे, तक्रार केली. त्या पाट्यावर चटणी वाटत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुमचं बरंय, भावजी. तुम्ही निदान वायपरपर्यंत आलात. आमच्याकडे मिक्सरचा शोध अजून लागायचाय."

मग एका सोमवारी गाडी निघालीच नाही. "काम चालू आहे," एवढंच साहेब म्हणाले. आम्ही बसने जाऊ लागलो. साहेबही बसने यायचे, पण वेगळे बसायचे, बोलायचे नाहीत. आम्ही काही विचारलं नाही. विचारलं असतं तर ते तत्त्व सांगत बसले असते.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी खाली हॉर्न वाजला. जाऊन बघतो तो स्टिअरिंगवर सुधावहिनी, पदर कमरेला खोचलेला. साहेब मागच्या सीटवर. वहिनींनी बटण दाबलं. गाडी सुरू झाली.

मी साहेबांकडे बघतच राहिलो. "आणि मधले शोध?"

"वगळले," ते म्हणाले. देव्हाऱ्यातला देव विकून आल्यासारखा आवाज होता.

कारखान्यापाशी साहेब उतरले आणि बाजूला उभ्या असलेल्या स्कूटरवर जाऊन आदळले. स्कूटर चांगली मोठी होती, उन्हात चकाकत होती. ते "कुणी लावली ही इथे!" असं पुटपुटत आत गेले. गायकवाड त्यांच्यामागे गेले. मी निघणार तोच वहिनींनी हाक मारली.

"काचबिंदू आहे, भावजी. समोरचं दिसतं, कडेचं गेलंय. नळीतून बघितल्यासारखं. आणखी कमी होत जाईल म्हणाले डॉक्टर. गाडी सोडायला सांगितली." त्यांनी हातातली किल्ली उगीच फिरवली. "दोन दिवस जेवले नाहीत. मग माळ्यावरून गोणी काढली. म्हणाले, तुझ्या हाताला हँडल झेपायचं नाही. रोज संध्याकाळी खरवईच्या मोकळ्या माळावर न्यायचे मला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं."

मी ती स्कूटर ढकलून बाजूला लावली.

"बटण बसवलं त्या दिवशी रडले," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, डोळ्यांचं मनाला लागलं असेल. तर म्हणे, कार्बाइडचे दिवे राहूनच गेले." आणि हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

पुढच्याच आठवड्यात अंबरनाथच्या अलीकडच्या चढावर गाडी बंद पडली. मागे ट्रकची रांग लागली, हॉर्नचा नुसता कल्लोळ. वहिनींनी बटण दाबलं, गाडी सुरू होऊन पुन्हा बंद पडली. "नाही होत माझ्याच्याने," त्या म्हणाल्या. गायकवाड पुढे अंग चोरून बसले होते. मी मागे साहेबांशेजारी, आता व्याख्यान सुरू होणार म्हणून कपाळाला हात लावला.

साहेब पुढे वाकले. त्यांनी चाचपत पुढची सीट शोधली, मग वहिनींचा खांदा.

"पडू दे बंद. पुन्हा दाब. घाई त्या ट्रकवाल्यांना आहे, आपल्याला नाही."

वहिनींनी पुन्हा दाबलं. गाडी गुरगुरली, थोडी मागे सरकली आणि मग चढ चढून गेली.

साहेब मागे टेकले. बऱ्याच वेळाने माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मोरे, चांगली चालवते ना हो ती?"

"तुमच्यापेक्षा चांगली," मी म्हणालो. एवढ्या दिवसांचा राग होता, तो निघाला.

त्यांनी वाद घातला नाही.

"मग सांगा ना तिला तसं," ते म्हणाले. "मला नाही जमत."