एफ का डी?

पिपरी मेघेत आमच्या शेजारी वांदिलेकाका राहत. दारात कोणी आलं की ‘या’ म्हणायच्या आधी ते जाळीतून विचारत, “एफ का डी?” म्हणजे एकटेच आलात, की घरचे सोबत आहेत? उत्तरावर चहाचं पाणी ठरे.

हा प्रश्न मूळचा एक्सकॉपीचा. नव्वदच्या दशकात काका कचेरीत कॉम्प्युटरवर बसू लागले. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप केला की फायली भराभर दुसरीकडे उतरवणारी ही एक्सकॉपी त्यांना तिथे भेटली, आणि ते तिचेच झाले. नवी जागा सांगितली की ती आधी विचारते, हे फाईलचं नाव की डिरेक्टरीचं, म्हणजे फायली ठेवायच्या फोल्डरचं? एफ की डी? “फाईल म्हंजे एकटा जीव, मास्तर. डिरेक्टरी म्हंजे घर,” काका मला समजावत.

पुढे माऊस आला. तो त्यांनी ड्रॉवरमध्ये कोंडला. “उंदीर कोनी हौसेनं घरात घेते काय?”

हुकमाच्या शेवटी ‘स्लॅश व्ही’ लावला की उतरवलेलं नीट उतरलं का, हे एक्सकॉपी तपासते. काका सगळ्यालाच व्ही लावत. कुलूप तीनदा ओढत. गिरडला आम्ही दर्ग्यात डोकं टेकवून टेकडी उतरलो, तर हे पुन्हा चढायला लागले.

“काऊन काका?”

“व्ही मारायचा राह्यला ना!”

जाम गावी माझ्या बहिणीच्या लग्नात वाढप्यानं त्यांना विचारलं, “किती पानं?” काका म्हणाले, “डी.” त्याला ऐकू आलं ‘वडी’. पानात कोथिंबीर भरलेल्या सांबारवड्यांचा ढीग पडला. काकांनी निम्म्या खाल्ल्या, निम्म्या रुमालात बांधल्या.

मी हसून म्हटलं, “काका, तुम्ही तर एफ!”

“चूप बस बे,” ते म्हणाले. सुमनकाकू आम्ही तिथे राहायला येण्याआधीच गेल्या होत्या.

एका रविवारी सकाळी काकांनी मला पोहे करायला लावले. मी डबा उघडला, तर आत फ्लॉप्या. पंचवीस-तीस तरी असतील. प्रत्येकीवर एकच नाव, ‘सुमन’.

“ठेव तो! पोहे खालच्या डब्यात हायेत.”

मग त्यांनीच घरच्या जुन्या कॉम्प्युटरला एक फ्लॉपी लावून दाखवली. काकूंनी एका दुपारी, एका बोटानं, इंग्रजी अक्षरांत मराठी यादी टाइप केली होती : साखर, जिरं, तुमच्या चष्म्याची दोरी.

“फ्लॉपीले बुरशी लागते,” काका म्हणाले. “म्हनून दर रविवारी दुसरीवर उतरवतो. फोटोत ती चूप बसून राह्यली. इथं बोलते.” आणि त्यांनी गळ्यातली दोरी उगाच सारखी केली.

गेल्या महिन्यात काका गेले. त्यांच्या पुतण्यानं डबा मला आणून दिला. आजाराच्या महिन्यांत नवी प्रत निघालीच नव्हती. जुना फ्लॉपी-ड्राइव्ह जोडून मी एकेक फ्लॉपी लावत गेलो. कुठलीच उघडेना. तळातली शेवटची तेवढी उघडली.

माझ्या कॉम्प्युटरवर काळा पडदा उघडून मी एक्सकॉपीचा हुकूम टाइप केला. कुठे उतरवायचं, तिथे ‘वांदिले’ लिहिलं. शेवटी स्लॅश व्ही लावायला विसरलो नाही.

तिनं विचारलं, एफ की डी?

मी डी दाबलं.