गवताखालचा गाव

आमच्या शेजारच्या कासमचाचांना समारंभाचा व्हिडिओ दाखवू नये. माझ्या पुतणीच्या साखरपुड्याचा दाखवला, तर ड्रोनमधून टिपलेली जोडी पडद्यावर येताच चाचा ओरडले, "थांबव! त्या नवरीला बाजूला कर!"

नवरीची आई, म्हणजे माझी वहिनी, लालबुंद. चाचांचं बोट मात्र मागच्या सड्यावर, त्या खडकाळ माळावर. "सदू, ते पिवळे चौकोन बघ. घरं आहेत ती!"

मला नुसतं गवत दिसत होतं. "खालून बघायची सवय लागलेला बैल," चाचा म्हणाले. "त्याला चाराच दिसणार."

उभी हयात जहाजावर काढलेल्या या माणसाचं शास्त्र सोपं आहे. गाव उठून जातो, घरांची जोती मातीखाली राहतात. पाऊस सरला की दगडावरचं गवत आधी पिवळं पडतं, आजूबाजूचं हिरवंच. वरून बघा, नकाशा तयार!

दुसऱ्या सकाळी ड्रोनवाल्याला पकडून आम्ही सड्यावर. तर पार्वतीकाकू विळा घेऊन आधीच हजर! सडा त्यांचा. आंब्याच्या पेट्यांत घालायला गवत लागतं. ते कापलं की गाव वर्षभर गुडूप.

"काकू, जरा थांबा! खाली शेकडो वर्षांपूर्वीचा गाव आहे!"

"एवढी वर्षं थांबला ना गाव, चाचा? मग आज कसली घाई?"

"घाई त्याला नाही, तुमच्या विळ्याला आहे!"

काकू हसल्या, विळा बाजूला ठेवून बसल्या. "उडवा तुमचं पाखरू."

उडालं! आधी एक चौकोन. मग चार. मग घरांच्या दोन ओळी, मधून वाट, टोकाला हिरवागार गोल. बुजलेली विहीर! चाचांनी ड्रोनवाल्याचा मुकाच घेतला. मीही नाचलो, आणि नाचत एका चौकोनात शिरलो.

"अरे सदू, भिंतीतून काय घुसतोस? दार तिकडे!" चाचा ओरडले.

फोटो झाले. काकूंनी कापायला सुरुवात केली. चाचा त्याच चौकोनाशी गेले. पिवळ्या रेघेत एक हिरवी फट होती, तिच्यापुढे त्यांनी चपला काढल्या.

"आहे का कोणी घरात?"

मी हसणार होतो. पण चाचा खरोखरच कान देऊन थांबले होते. चाची वारल्या, मुलगे कुवेतला. स्वतःच्या दारात अशी हाक मारायची सोय त्यांना केव्हाच उरली नव्हती.

चौकोनाच्या कोपऱ्यात वाकून गवत कापणाऱ्या काकूंनी मान वर केली नाही.

"आहे हो. या, आत या."

चाचा आत गेले आणि मांडी घालून बसले.