चाकाचं कपाळ

चाकाच्या दातावरचा शेंदराचा ठिपका ज्वारीच्या दाण्याएवढा आणि अगदी गोल होता. मी तो काडेपेटीच्या काडीने ओढला होता, म्हणजे तो रेघेसारखा असायला हवा होता. फरक माझ्या लक्षात आला. तेलाने शेंदूर पसरला असेल, असं म्हणून मी पुढच्या कामाला लागले. तेल पसरताना इतकं नेटकं वर्तुळ काढत नाही, हे कळायला बी. एस्‌सी. व्हावं लागत नाही. मी तर झालेली होते.

आमची मोटार जऊळका स्टेशनावरून पोहरादेवीला जायची. तिथली रामनवमीची यात्रा अकरा दिवसांवर आली आणि तिचं इंजिन धूर ओकू लागलं. अकोल्याचा मिस्त्री दुरुस्तीला महिना मागत होता.

"मी करते," मी बाबांना म्हटलं. "पुस्तक हाय माह्याजवळ. आठ दिवस लय झाले."

"मोटार पुस्तकावर चालते काय बाई?" आमचा ड्रायव्हर लालसिंग म्हणाला. "मी आजवर पेट्रोलच टाकत आलो."

मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. "बाबा, गाडी चालली तं मले एम. एस्‌सी.ले नागपूरले धाडान?"

"पाहू," बाबा म्हणाले.

हे 'पाहू' दोन वर्षांचं जुनं होतं. माझ्या प्रयागआत्याने मंगरूळचं एक स्थळ आणलं होतं, त्यालाही बाबा दोन वर्षं 'पाहू'च म्हणत होते. दोन अडत्यांच्या वादात पडलेल्या कापसासारखी मी मधोमध पडून होते.

इंजिनाच्या पुढच्या बाजूला दोन दातेरी चाकं एकमेकांत अडकून फिरतात. लहान चाक दट्ट्याचं, म्हणजे पिस्टनचं, मोठं झडपांचं. दट्ट्या कुठे असताना कोणती झडप उघडायची, हे सारं त्या दातांवर ठरतं. दोनचार दात चुकले, की सासू पाटावर बसल्यावर सून जात्यावर दळायला बसावी तसा प्रकार होतो. कारखान्याच्या खुणा झिजून गेल्या होत्या. म्हणून चाकं काढण्याआधी एकमेकांत बसणाऱ्या दातांवर मी शेंदूर लावला, चाकं भिंतीशी टेकवून ठेवली आणि झिजलेल्या बेअरिंगांत नवा धातू भरून आणायला दोन दिवस अकोल्याला गेले. परत येऊन ठिपक्याला ठिपका भिडवला आणि झाकण लावून टाकलं.

नवमीच्या तीन दिवस आधी स्टेशनासमोरच्या लिंबाखाली यात्रेकरू जमले होते. सगळ्यांत पुढे गोमतीबाई. मलकापूरकडच्या तांड्यावरून रेल्वेने आलेली, डोक्यावर बोचकं, हातात नवसाच्या तुपाचं मडकं. लालसिंगने हॅण्डल मारलं. हॅण्डलने उलट लालसिंगलाच मारलं. तो धुळीत बसला. मागोमाग असा बार झाला, की समोरच्या गाडीचे बैल गाडीवानाला खाली ठेवून मालेगावच्या वाटेला लागले.

"हे मोटर हाय का तोफ?" गोमतीबाईने विचारलं.

मी प्लग बदलले. कार्बुरेटर उकलून धुतला. वायरींचा क्रम तीनदा तपासला. आत्याने नारळ फोडला. कोणी लिंबू बांधलं. दुसऱ्या दिवशी कार्बुरेटरमधून जाळ आला आणि लालसिंगची डावी मिशी गेली.

"आता उजवीबी जाळा बाई," तो शांतपणे म्हणाला. "बराबर दिसन."

मी सगळं उकलून पाहिलं होतं. फक्त ठिपके तपासले नव्हते, कारण ते माझे होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी गोमतीबाईने बोचकं उचललं. "मी पायी जातो. तुयी गाडी पुढल्या सालच्या नवमीले येईन."

बाबांनी बैलगाड्या बोलावायला माणूस धाडला. हीच वेळ साधून आत्या बाबांना म्हणाली, "मारोत, आता तरी मंगरूळवाल्यायले हो म्हण. पोरीनं मोटरीचा पार भुगा केला. रांधाचं काम हाती दे तिच्या."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या तोंडातलं 'पाहू' या वेळी जरा उशिराने आलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच मला भीती वाटली.

"अन् ते झाकण खोल," आत्या मला म्हणाली. तिच्या हातात ताट होतं. "आतल्या चाकायले टिळा लावतो. मांगच्या वक्ताले लावला तं कसा साजरा दिसत होता."

"मांगच्या वक्ताले कधी?"

"तू अकोल्याले गेल्ती तवा. कोण्या मेल्यानं एका बाजूले शेंदराची रेघ फासली होती. देवाले कोणी कानावर टिळा लावते काय वं? म्या घासलेटनं पुसलं अन् कपायावर लावला."

"चाकाचं कपाळ?"

"भिंतीले उभी होती ना दोन्ही? वर आली ते कपाय. इतकी शिकली अन् हे नाई समजत?"

लालसिंगने उरलेल्या मिशीवरून हात फिरवला. रेघ फासणारी मेली मीच, हे मी आत्याला सांगितलं नाही.

आता खूण कुठेच नव्हती. मी झाकण काढलं, मोठं चाक सोडवलं आणि बाजूच्या दगडावर बसून राहिले. मग सायकलची एक तार प्लगच्या भोकातून आत सोडली आणि लालसिंगला हॅण्डल सावकाश फिरवायला सांगितलं. तार वर आली, दट्ट्या माथ्यावर. तिथे थांबून झडपांची दांडी मी हाताने फिरवत गेले. धूर बाहेर टाकणारी झडप मिटत होती आणि हवा आत घेणारी उघडू लागली होती, अशी एकच जागा सापडली. तिथे चाक बसवलं. दट्ट्या चार धावांच्या प्रत्येक फेऱ्यात दोनदा माथ्यावर येतो, बाहेरून दोन्ही वेळा सारखाच दिसतो. म्हणून ठिणगीसाठी हॅण्डलचा आणखी एक पुरा वेढा मोजला. या सगळ्याला तीन तास लागले. शेंदराची गरज मुळातच नव्हती.

झाकण लावायच्या आधी मी आत्याला बोलावलं आणि दात दाखवला. "इथं लाव टिळा."

"हे तं कान हाय."

"याचं कपाय इथंच असते, आत्या."

तिने माझ्याकडे संशयाने पाहिलं, पण लावला. अनामिकेने, अगदी गोल.

लालसिंगने हॅण्डलपासून तोंड लांब ठेवून एक हिसका दिला. इंजिन खोकलं, थांबलं. दुसऱ्या हिसक्याला लागलं आणि लागूनच राहिलं. पायी निघालेली गोमतीबाई पानठेल्यापर्यंतच जाऊन सावलीला बसली होती. ती उठली आणि मडक्यासकट पुढच्या सीटवर चढून बसली. "काहून उशीर करून राह्यला?" तिने लालसिंगला विचारलं.

गाडी धुरळ्यात दिसेनाशी होईपर्यंत बाबा उभे होते. मी शेजारी जाऊन उभी राहिले. मागून आत्या कुंकवाचं ताट घेऊन येत होती, मंगरूळच्या पाहुण्यांना येत्या रविवारीच बोलवू म्हणत. बाबांनी तिच्या ताटाकडे पाहिलं, मग माझ्या काळ्या हातांकडे.

"जाय तू नागपूरले," ते म्हणाले. "इथं ठेवली तं हे तुयीबी खूण पुसन अन् तिले वाटते तिथं टिळा लावन."