बिनडाग नमुना

शेती खात्याच्या साहेबांनो, केसरीनाथची स्ट्रॉबेरी बुरशीने कुजवली नाही. तुम्ही कुजवली. आता खुर्ची पुढे ओढा आणि ऐका.

पडघ्याजवळच्या केसरीनाथच्या शेताला तिन्ही बाजूंनी गोदामं चिकटली होती. चौथ्या बाजूने पोरगा मनोज चिकटला होता. त्याचा नवा मोबाईल दिवसभर वाजे. "बाबा, पार्टी रेडी हाय. देऊन टाक जागा." केसरीनाथने जागा दिली नाही, उलट तिथे हट्टाने स्ट्रॉबेरी लावली. शेवटी बायको कमळच्या समोर ठरलं: या थंडीत पीक रोगाने गेलं, तर गोदाम. नाहीतर मनोजने पुन्हा गोदामाचं नाव काढायचं नाही.

धुकं पडलं आणि फळांवर करडी बुरशी आली, उंदराच्या अंगासारखी मऊ. साहेबांनी औषध सांगितलं. केसरीनाथने मारलं. बुरशी गेली आणि परत आली. "पुन्हा तेच मारा." मारलं. "डोस वाढवा." वाढवला. शेतातले डास मेले, मांजर घर सोडून गेलं, केसरीनाथला शिंका लागल्या. बुरशी मात्र बाळसं धरत होती.

"तिला सवय झालीय त्या औषधाची," कमळ म्हणाली. "तुमच्या भावाला आता एका क्वार्टरनं काय होतंय का? तसंच."

केसरीनाथला पटलं. कुजकी फळं डब्यात भरून त्याने भिवंडीची कचेरी गाठली. "हिच्यावर हे औषध चालतं का न्हाय, तेवढं तपासून द्या."

क्लार्कने डबा उघडला आणि नाक दाबलं. "हे कुजलंय!"

"म्हणून तर आणलंय."

"नमुना ताजा लागतो, काका. बिनडाग."

"अरं, बिनडाग फळावर बुरशी कुठून येल?"

"ते तपासणीत कळेल ना!"

केसरीनाथ इरेला पेटला. अख्खं शेत पालथं घालून त्याने कशीबशी टोपलीभर बिनडाग फळं जमवली. कचेरीत साहेबांनी एक चाखलं. क्लार्कने मीठ मागवलं. उरलेली दोन फळं तपासणीला गेली.

अहवाल आला. नमुन्यात बुरशी नाही, पीक निरोगी, सध्याचे औषध गुणकारी, तेच चालू ठेवावे.

तोवर शेतात खाण्याजोगं एक फळ उरलं नव्हतं. मनोज पार्टीला घेऊनच बांधावर आला. "बाबा, कबूल केलंस ना? गेलं पीक रोगानं."

केसरीनाथ तो कागद चुलीत घालायला निघाला होता. तो थांबला. चुरगळलेला कागद त्याने मांडीवर घासून सपाट केला. "वाच. मोठ्यानं."

मनोजने वाचला.

"रोग हाय?"

"कागदावर न्हाय."

"शिक्का कोणाचा?"

"सरकारचा. पण बाबा, समोर बघ ना! सगळं कुजलंय!"

"सरकारपेक्षा तुला जास्त कळतं?"

पार्टीने कुजक्या वाफ्यांकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, आणि गाडी वळवली. कमळने तोंडाला पदर लावला.

शेत वाचलं, साहेब. तुमच्या खोट्या कागदाने वाचलं, म्हणून आभाराची वाट बघत बसू नका. पुढच्या थंडीत केसरीनाथ पुन्हा स्ट्रॉबेरी लावणार आहे, आणि तुमच्या औषधावर पोसलेली तीच बुरशी पुन्हा येणार आहे. तिच्यावर काय मारायचं? "तेच" हे उत्तर चालणार नाही. दुसरं सांगा. आणि या वेळी फळं न खाता सांगा.