आदर्श होल्स्टरचे मानकरी

रिव्हॉल्व्हरचा परवाना मिळण्यासाठी अर्जदाराच्या जिवाला धोका असावा लागतो. ही अट रास्त आहे, पण माझी त्यामुळे फार पंचाईत झाली. मी मसोलीत फुग्यांचा छोटा कारखाना चालवतो. फुगेवाल्याच्या जिवावर कोण उठणार? शत्रूंची माहिती द्या म्हटल्यावर मला टाचणीखेरीज कोणी आठवेना. अखेर बायकोच कामी आली. "एक दिवस माझ्या हातून काहीतरी होऊन बसेल," असं निलम मला आठवड्यातून दोनदा तरी म्हणते. ती गोष्ट मी 'सततची धमकी' म्हणून नोंदवली आणि २०१८च्या जून महिन्यात धनेश सावे या इसमास स्वसंरक्षणार्थ परवाना मंजूर झाला.

रिव्हॉल्व्हर आलं, पण ते लोकांना दिसणार कसं? हातात घेऊन बाजारात फिरणं कायद्यात बसत नाही. म्हणून वापीहून अस्सल कातड्याचं होल्स्टर आणलं. पहिल्या दिवशी रिव्हॉल्व्हर त्यात सारलं, पट्टी लावली, आरशासमोर उभा राहिलो आणि खरं सांगतो, पहिल्यांदाच मला स्वतःचा धाक वाटला. डहाणू रोडला मासळीवालीने भाव न करता पापलेट दिले. लग्नात पहिल्या पंगतीला जागा मिळू लागली. ज्या माणसाला आजवर पोरं 'फुगेवाले काका' म्हणायची, त्याला मोठी माणसं 'शेठ' म्हणू लागली.

एवढा मान देणाऱ्या वस्तूची निगा राखणं आलंच. पावसाळा सुरू होता. समुद्राची खारी हवा आणि दमट भिंती यांमुळे कातड्यावर हिरवी बुरशी धरली. मी दर रविवारी होल्स्टरला खोबरेल तेल चोळलं. तेलाने कातडं आधी मऊ पडलं, मग फुगलं आणि दिवाळीच्या उन्हात वाळून असं आवळलं की रिव्हॉल्व्हर आणि होल्स्टर एकजीव झाले. मला याचा पत्ता नव्हता, कारण जूननंतर मी रिव्हॉल्व्हर बाहेर काढलंच नव्हतं. काढायचं कशाला? सगळं काम होल्स्टरच करत होतं.

पुढच्या जानेवारीत एका खात्याने तलासरीला 'चामडी होल्स्टरचा सुरक्षित वापर' या विषयावर जनजागृती शिबिर घेतलं. नोव्हेंबरपासून आमच्याकडे बसत असलेल्या भूकंपाच्या धक्क्यांमुळे सभागृहात बसायला कोणी तयार नव्हतं, म्हणून मैदानात मंडप टाकला होता. उद्दिष्ट तीनशे लाभार्थ्यांचं होतं. डहाणू आणि तलासरी दोन्ही तालुक्यांत मिळून होल्स्टरवाले आम्ही जेमतेम सातजण. उरलेल्या खुर्च्या भरायला उधव्याहून जीप भरभरून माणसं आणली होती. त्यांना चहा, वडापाव आणि प्रत्येकी एक माहितीपत्रक मिळालं. पत्रक कुठल्या तरी थंड देशातून आलं असावं. बर्फात पडल्यास होल्स्टर कसं झटकावं, हे त्यात आकृतीसह दिलं होतं.

खात्याच्या साहेबांनी पत्रक वाचून दाखवलं. शस्त्राचा घोडा होल्स्टरने पूर्ण झाकलेला असावा. सैल पडलेलं कातडं आत दुमडून घोड्यावर दाब देऊ शकतं. शस्त्र ठेवताना बोट बाहेर आणि नजर आत असावी. होल्स्टरमध्ये शस्त्र कायम साठवू नये, कातडं ओल धरतं. तेलाचा अतिरेक टाळावा. मी प्रत्येक वाक्याला मान डोलावत होतो. हे सगळं इतरांसाठी आहे याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

"काही शंका?" साहेबांनी विचारलं.

उधव्याची बुधी उठली. "साहेब, आमचं घर रोज हालतं. पोरांना घेऊन भायेर निजतो. ताडपत्री कवा मिळल?"

"प्रश्न विषयाला धरून विचारा."

बुधीने हातातल्या पत्रकाकडे बघितलं, थोडा विचार केला आणि म्हणाली, "मंग ह्या कातड्याची ताडपत्री व्हईल का?"

साहेबांनी 'ग्रामस्थांचा उत्स्फूर्त सहभाग' अशी नोंद करून घेतली आणि प्रात्यक्षिकासाठी मला मंचावर बोलावलं. "सावेसाहेब, शस्त्र सुरक्षितपणे बाहेर काढून दाखवा."

मी पट्टी उघडली आणि ओढलं. रिव्हॉल्व्हर हललं नाही. पुन्हा ओढलं, तर पट्ट्यासकट पँटच वर आली. दोन शिपाई मदतीला धावले. एकाने मला धरलं, दुसऱ्याने रिव्हॉल्व्हरची मूठ धरली. एवढ्यात मंचाच्या सजावटीतला एक फुगा, माझ्याच कारखान्यातला, उन्हाने फुटला. साहेब टेबलाखाली गेले. मंडप निम्मा रिकामा झाला. मी दोन्ही हात वर करून उभा होतो, कुणाला शरण जायचं हे मात्र कळत नव्हतं.

साहेब बाहेर आले, गुडघे झटकले आणि माईक हातात घेतला. "पाहिलंत? एवढी झटापट झाली, एवढा आवाज झाला, तरी शस्त्र बाहेर आलं नाही. याला म्हणतात सुरक्षितता!" त्याच मंचावर माझ्या होल्स्टरला 'आदर्श होल्स्टर' म्हणून गौरवण्यात आलं. नमुना म्हणून त्याचं अनुकरण व्हायचं असल्याने त्यात कोणताही बदल करू नये, असा आदेशही निघाला. मी शाल-श्रीफळ घेऊन घरी आलो. निलम म्हणाली, "न निघणाऱ्या बंदुकीला बक्षीस? मग आपल्या मोरीच्या खिडकीला पण द्या."

मार्चमध्ये लोकसभेची आचारसंहिता लागली. परवानाधारकांनी शस्त्रं ठाण्यात जमा करावीत, नाहीतर गुन्हा. मुदतीच्या शेवटच्या दिवशी मी ऐटीत ठाण्यात गेलो.

हवालदार गोवारी म्हणाले, "फक्त शस्त्र द्या. चामडं घेत नाही, उंदीर खातात."

"ते निघत नाही."

"मग कापा."

"आदर्श आहे. कापायला मनाई आहे."

त्यांनी शिबिरवाल्या साहेबांना फोन लावला. साहेबांनी कापण्यास स्पष्ट नकार दिला. गोवारींनी डोकं खाजवलं. "बरं, भरलेलं आहे की रिकामं? भरलेलं जमा होत नाही."

मला आठवेना. जूनमध्ये फोटोसाठी गोळ्या भरल्या होत्या हे आठवत होतं. काढल्याचं आठवत नव्हतं. मी तसं सांगताच ठाण्यातली सगळी मंडळी एकाएकी कामानिमित्त बाहेर गेली. गोवारी दारामागून बोलू लागले. "रिकामं आहे हे बघायला बाहेर काढावं लागेल. आणि बाहेर ओढण्याआधी रिकामं आहे याची खात्री पाहिजे. तुम्हीच सांगा शेठ, मी काय करू? सहापर्यंत जमा झालं नाही तर मला तुमच्यावर गुन्हा दाखल करावा लागेल."

साडेपाचला निलम आली. जेवायला का आला नाही हे बघायला आली होती. तिने सगळं ऐकून घेतलं. "ह्याचं तोंड कुठल्या बाजूला?" तिने विचारलं. मी दाखवलं. तिने आगीसाठी ठेवलेली वाळूची बादली ओढली, होल्स्टर उभं वाळूत रोवलं आणि पर्समधून कारखान्यातलं रबर कापायचं पातं काढलं.

"निलम, राहू दे. सुटलं तर?"

"तुम्ही बाहेर व्हा."

मी बाहेर झालो नाही. शौर्याने नव्हे, पाय हलेनात म्हणून. परवान्यासाठी जिच्यापासून जिवाला धोका दाखवला होता, ती बाई माझ्या शोभेच्या वस्तूवर वाकून एकेक टाका उसवत होती. तिला काही झालं असतं तर? मला खरोखर रडू आलं.

कातडं उघडलं. रिव्हॉल्व्हर तांबड्या गंजाने माखलेलं होतं. गोवारींनी खटपट करून ते उघडलं. आत सहाच्या सहा गोळ्या. हीच वस्तू कमरेला लावून मी पंगतीत बसलो होतो. भाचीच्या बारशाला तान्ह्या पोरीला त्याच बाजूला मांडीवर घेतलं होतं. निलमने पातं पुसून पर्समध्ये ठेवलं आणि एवढंच म्हणाली, "चला, भात गार झाला."

साहेबांनी आदर्श होल्स्टरचं नुकसान केल्याबद्दल मला खुलासा विचारला. मी ते शिवून घेतलं. रिव्हॉल्व्हर ठाण्यात होतं, पण कमर मोकळी मोकळी वाटत होती. शेवटी त्यात चष्मा ठेवून बघितला, छान बसला. मतदानाच्या दिवशी तसाच केंद्रावर गेलो. रांग लांब होती. परवान्याची सगळी शस्त्रं जमा आहेत, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तरी मला बघताच रांग बाजूला सरली. "या शेठ, तुम्ही पुढे व्हा," कुणीतरी अदबीने म्हणालं.

मी वळून हात जोडले. चष्मा डोळ्यांवर नसल्याने चेहरा ओळखता आला नाही. आवाज मात्र तुमचाच होता.