नवमीला अधांतरी इंजिन

"इंजिन बदलणं म्हणजे काही मोठंसं नाही. जुनं काढायचं, नवं बसवायचं. तीन रविवारांचं काम," असं उपेंद्रनं जुलैमध्ये छाती काढून जाहीर केलं, तेव्हा त्याच्या बायकोनं, जयवंतीनं, भिंतीवरच्या कॅलेंडरात तीन रविवारांना लाल गोल केले. ऑक्टोबर उजाडला तेव्हा एकही रविवार गोलावाचून उरला नव्हता. आणि उपेंद्रच्या रागाला तर आता रविवारचीही गरज उरली नव्हती. तो सोमवारी सकाळी दात घासतानाच चिडलेला असे.

हा राग जरा समजावून सांगायला हवा. उपेंद्र म्हैसूरजवळच्या बेळगोळच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात होता. दुसऱ्याच्या कामातली चूक हुडकायची आणि ती कुणाची ते कागदावर लिहायचं, याचाच त्याला गेली वीस वर्षं पगार मिळत होता. त्यामुळे घरी दूध उतू गेलं तरी तो आधी गॅस बंद करत नसे. आधी विचारी, "याला जबाबदार कोण?" आणि खरोखर भडकला की आवाज चढवायचा नाही, उलट समोरच्याला एकदम 'आपण' म्हणायला लागायचा. ऑफिसात त्याच्या तोंडून 'आपण' ऐकू आलं की माणसं जेवायची सुट्टी लवकर घेत.

गाडी त्याच्या वडिलांची, सत्त्याण्णव सालची. साताऱ्यात याच गाडीवर वडिलांनी त्याला क्लच शिकवला होता, आणि क्लच सुटला की टपलीही मारली होती. वडील गेल्यावर थोरल्या भावानं घर घेतलं, उपेंद्रनं गाडी मागून घेतली आणि म्हैसूरला आणली. आत बसलं की अजून त्यांच्या तपकिरीचा वास यायचा. या वासावर उपेंद्रचा फार जीव होता, फक्त ते तो कुणाला सांगत नसे. मग दीड वर्षापूर्वी इंजिनानं मान टाकली. तेव्हापासून विजयनगरातल्या त्या भाड्याच्या घराच्या पोर्चमध्ये गाडी सावलीत उभी, आणि जयवंतीची स्कूटर बाहेर उन्हापावसात.

सप्टेंबरअखेर जयवंतीनं निकाल दिला. "दसऱ्याला दुपारच्या जेवणाआधी ही गाडी स्वतःच्या इंजिनानं फाटकाबाहेर गेली तर राहील. नाही गेली तर दुसऱ्या दिवशी भंगारवाला येईल. मी त्याच्याशी बोलले आहे."

जयवंती शाळेत गणित शिकवायची. ती कुणाशी बोलली म्हणजे विषय संपला.

मदतीला दोघे मित्र होते. एक रघूत्तम, वरच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाईंचा मुलगा, बँकेत नोकरीला. घराणं चार पिढ्या म्हैसूरचं, घरात मराठी, पण दर दुसऱ्या वाक्याला कन्नड डोकावायचं. त्याच्या वडिलांचं एकेकाळी छोटं वर्कशॉप होतं. त्यांची लोखंडी पेटी, त्यातले पाने, हातोड्या, आणि इंजिन उचलायची साखळीची चेनपुली, हे सगळं रघूत्तमचं भांडवल. दुसरा निशांत, ऑफिसातला, नागपूरचा, वय अठ्ठावीस. त्याच्याजवळ भांडवल म्हणजे फोन. इंजिन बदलण्याचे सगळे व्हिडिओ त्यानं बघितले होते आणि प्रत्यक्ष काम बघून तो दर वेळी म्हणायचा, "सर, त्यात असं नव्हतं."

जुनं इंजिन एका रविवारात निघालं. मात्र ते काढताना सुटलेले बोल्ट कुठले कुठले, हे ओळखण्यात चार रविवार गेले. रघूत्तमनं ते जयवंतीच्या मसाल्याच्या डब्यात वाटीवाटीनं लावून ठेवले होते, आणि जयवंतीनं डबा परत घेताना सगळे एका पिशवीत ओतले होते. निशांतनं प्रत्येक बोल्टचा फोटो काढला होता, पण प्रत्येक फोटोत बोल्टपेक्षा त्याचा अंगठा मोठा होता.

"आपण अंगठ्याचं छायाचित्रण फार सुंदर करता," उपेंद्र म्हणाला होता.

निशांतनं त्या रविवारी जेवण घरी जाऊन घेतलं.

अशा रीतीनं अष्टमी आली. दुसरं इंजिन बेळगोळच्याच एका जुन्या गाड्या मोडणाऱ्याकडून कधीचंच आणून ठेवलं होतं. नवमीला सुट्टी, दसऱ्याला सुट्टी, उपेंद्रनं हिशेब पक्का मांडला: नवमीला इंजिन आत, दसऱ्याला सकाळी जोडणी, साडेअकराला गाडी फाटकाबाहेर. हे घोकत तो गच्चीवरून जिना उतरत होता, तेवढ्यात घरमालकीण वरलक्ष्मीबाई समोर आल्या.

"उपेंद्र, नाळे आयुधपूजा आहे की. उद्या. पेटीतलं सामान खालीच आहे तुमच्याकडे. तिथंच मांडून पूजा करू का?"

"करा ना काकू," उपेंद्र म्हणाला. "सगळ्याची करा. चेनपुलीची पण करा."

साताऱ्याला वडील दसऱ्याच्या सकाळी पान्यांना हळद-कुंकू लावत, हात जोडत, आणि दहाव्या मिनिटाला तोच पाना घेऊन गाडीखाली सरकत. पूजा म्हणजे दहा मिनिटं, एवढंच उपेंद्रला ठाऊक होतं.

नवमीला सकाळी आठला तिघे कामाला लागले. पोर्चच्या लोखंडी तुळईला चेनपुली टांगली, इंजिन वर उचललं, गाडी त्याच्याखाली ढकलली आणि इंजिन हळूहळू खाली सोडायला सुरुवात केली. जागेपासून वीतभर वर असताना ते अडलं. साखळीला पीळ पडला होता, त्यामुळे इंजिन तिरकं बघत होतं. डावीकडे वळवावं तर उजवीकडे जाई. उपेंद्रचं बोट मध्ये सापडलं.

"याला जबाबदार कोण?"

"सर, व्हिडिओत ते सरळच—"

"आपण तो व्हिडिओ बंद करता का?"

"टेन्शन बेड, गुरू," रघूत्तम म्हणाला. "नको टेन्शन. आधी तिंडी. रिकाम्या पोटी इंजिन पण बसत नाही." तिंडी म्हणजे नाश्ता, आणि नाश्त्याच्या बाबतीत रघूत्तम कुणाचं ऐकत नसे. तिघे हात धुऊन कोपऱ्यावर डोसे खायला गेले. पाऊण तासानं परत आले.

पोर्चमध्ये रांगोळी होती. केळीच्या पानावर सगळे पाने लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं निजवले होते, प्रत्येकाच्या कपाळाला कुंकू. हातोड्यांना गंध. चेनपुलीला हार. आणि हवेत लोंबकळणाऱ्या इंजिनावर, जिथं म्हणून भोक किंवा खाच दिसली तिथं, पांढऱ्या शेवंतीचं एकेक फूल खोचलं होतं. वरलक्ष्मीबाई कुंकू भरलेला कोहळा फाटकात फोडून हात पुसत होत्या.

"छान झालं काकू," उपेंद्र घाईनं हात जोडून म्हणाला आणि सतरा नंबरचा पाना उचलायला वाकला.

"अय्यो! हात लावू नका."

"म्हणजे?"

"आज आयुधं विश्रांती घेतात. नाळे बेळग्गे, उद्या सकाळी, पूजा उतरवली की मग घ्यायची."

उपेंद्रनं इंजिनाकडे बघितलं. ते वीतभर वर, तिरकं, फुलं लेवून डुलत होतं.

"रघूत्तम," तो अगदी शांतपणे म्हणाला, "आपल्याला हे माहीत होतं?"

"हौदु. हो की. लहान मुलाला पण माहीत असतंय. तूच तर अम्माला म्हटलास, सगळ्याची करा. मला वाटलं, तू दोन दिवसांचा हिशेब तसा लावलायस."

"मी आपल्या मातोश्रींना दहा मिनिटांच्या पूजेची परवानगी दिली होती."

"दहा मिनिटांत कुणाची विश्रांती होते, गुरू?"

उपेंद्रच्या कानशिलांतून वाफ निघायची तेवढी राहिली. तो तरातरा पुढे झाला आणि त्यानं चेनपुलीच्या साखळीकडे हात नेला. एक ओढ, फक्त एक ओढ.

"ह्यांच्या हातची आहे ती," वरलक्ष्मीबाई मागून म्हणाल्या. रागानं नाही, सांगायचं म्हणून. "ते गेले त्या वर्षीपण नवमीला त्यांनीच हार घातला होता."

उपेंद्रचा हात हवेतच थांबला. गाडीची काच खाली होती आणि आतून तपकिरीचा वास येत होता. त्यानं हात मागे घेतला. त्यामुळे राग कमी झाला असं मात्र नाही. उलट आता तो कुणावर काढायचा हेच कळेना, म्हणून तो दुप्पट झाला.

"ठीक आहे. ही चेनपुली नको, दुसरी आणतो. एवढ्या मोठ्या गावात एक चेनपुली मिळणार नाही?"

नाही मिळाली. कोपऱ्यावरचा मेकॅनिक रेशमी धोतर नेसून, हार घातलेल्या पान्यांच्या मधोमध खुर्ची टाकून बसला होता. उपेंद्र त्याला म्हणाला, "आपण वर्षभर गिऱ्हाइकांना ताटकळत ठेवता आणि आज आपली अवजारं दमली?" एवढ्या आदरानं आजवर त्याच्याशी कुणी बोललं नव्हतं. तो भारावून उठला आणि त्यानं कडलेपुरीचा, म्हणजे चुरमुरे-डाळ्यांच्या प्रसादाचा, एक पुडा उपेंद्रच्या हातात ठेवला. देवराज मोहल्ल्यातल्या हार्डवेअरच्या दुकानात वजनकाट्यालासुद्धा कुंकू होतं. तिथंही उपेंद्रनं 'आपण' काढलं आणि तिथं दोन पुडे मिळाले, पुढच्या पाच दुकानांत एकेक. शेवटी तो पार बेळगोळला, स्वतःच्या कारखान्यात गेला. वॉचमननं गेट उघडलं. मशिनं हार घालून गप्प उभी होती. उपेंद्रच्या टेबलावर त्याचा स्वतःचा व्हर्नियर कॅलिपर, ज्यानं तो मिलिमीटरचा शंभरावा भाग पकडायचा, कुंकवाच्या बोटानं माखला होता.

"याला जबाबदार कोण?" त्यानं विचारलं.

"मीच सार," वॉचमन अभिमानानं म्हणाला आणि त्यानं पुडा दिला.

संध्याकाळी उपेंद्र घरी आला तेव्हा त्याच्याजवळ कडलेपुरीचे नऊ पुडे होते आणि एकही पाना नव्हता. जयवंती पोर्चमध्ये उभी राहून इंजिन बघत होती. मग आत जाऊन तिनं भंगारवाल्याचा नंबर लिहिलेला कागद फ्रिजवर चुंबकाखाली नीट सरळ केला.

दसऱ्याला सकाळी नऊला वरलक्ष्मीबाईंनी आरती केली, पूजा उतरवली आणि पहिला पाना स्वतः उपेंद्रच्या हातात दिला. "एकवीस फुलं आहेत इंजिनात," त्या म्हणाल्या. "सगळी काढा. मोजून काढा." रघूत्तम बँकेतला माणूस. त्यानं एकवीस मोजून ताटात ठेवली आणि पुन्हा एकदा मोजली.

उपेंद्रनं दात-ओठ खात साखळी ओढली. कालच्यासारखं अडेल, बोट सापडेल, दोन तास जातील, हे सगळं त्यानं गृहीत धरलं होतं, आणि कुणाला काय म्हणायचं तेही ठरवून ठेवलं होतं. पण रात्रभर स्वस्थ लोंबकळून साखळीचा पीळ आपोआप सुटला होता. इंजिन सरळ बघत होतं. ते खाली आलं आणि पाटावर बसावं तसं जागेवर बसलं. बोल्ट पहिल्या फेरीत लागले. मसाल्याच्या डब्यातून आलेला एकेक बरोबर आपल्या भोकात गेला, फक्त त्यांना जिऱ्याचा वास येत होता.

"बघ," रघूत्तम म्हणाला. "विश्रांती."

उपेंद्रला तीन महिन्यांत पहिल्यांदाच राग येईना. ठरवून ठेवलेलं एकही 'आपण' ओठांवर आलं नाही. जयवंतीनं दारावरच्या तोरणासाठी झेंडू आणले होते, त्यातलं एक चांगलं टपोरं केशरी फूल त्यानं उचललं. वडील असंच एक फूल ठेवायचे. त्यानं ते इंजिनाच्या माथ्यावर, कार्ब्युरेटरच्या गोल तोंडापाशी ठेवलं, हात जोडले, आणि डोळे पुसायला तोंड फिरवलं. त्याच वेळी निशांत एअर फिल्टरचा तो मोठा काळा डबा दोन्ही हातांनी छातीशी धरून आला, "सर, हा शेवटचा," म्हणाला, आणि त्यानं तो वरून बसवून टाकला.

बारा वाजून दहा मिनिटांनी उपेंद्रनं किल्ली फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. वरलक्ष्मीबाईंनी चाकांखाली लिंबं ठेवली. जयवंती जेवणाची पानं वाढायची थांबून दारात आली, आणि तिच्या चेहऱ्यावर चक्क हसू होतं. उपेंद्रनं रिव्हर्स टाकला, क्लच अगदी हळू सोडला, टपली बसणार नाही असा. लिंबं फुटली. गाडी फाटकातून मागे मागे बाहेर पडली, पूर्ण, पुढच्या बंपरसकट. रस्त्याचा चढ लागला म्हणून उपेंद्रनं ॲक्सिलरेटर दाबला.

गाडी शिंकली, दोनदा खोकली आणि बंद पडली. मग काही केल्या सुरू होईना.

उपेंद्र दार आपटून खाली उतरला. राग आपल्या माणसाला भेटल्यासारखा धावत परत आला होता.

"याला जबाबदार कोण?"

निशांतनं फिल्टरचा डबा उचलला. कार्ब्युरेटरचं तोंड पाकळ्यांनी गच्च भरलं होतं, आणि आणखी पाकळ्या पार आत ओढल्या गेल्या होत्या.

"काकू," उपेंद्र वळला, त्याचा आवाज मधासारखा झाला होता, "आपण इंजिनात किती फुलं घातली होती, ते आपण पुन्हा एकदा सांगाल का?"

वरलक्ष्मीबाईंनी चष्मा नाकावर चढवला, एक पाकळी चिमटीत धरून उजेडात बघितली आणि ती परत त्याच्या तळहातावर ठेवली.

"ही आमची नव्हे. आमची पांढरी शेवंती, एकवीस, रघूनं मोजली. हा झेंडू आहे."

दारावरच्या तोरणाकडे सगळ्यांनी एकदमच बघितलं. मग सगळ्यांनी उपेंद्रकडे बघितलं.

जयवंती पुढे आली. गाडीचा बंपर फाटकाच्या बाहेर आहे ना, हे तिनं वाकून तपासलं. "गेली बाहेर. स्वतःच्या इंजिनानं," ती म्हणाली. "शब्द म्हणजे शब्द. भंगारवाल्याला नको म्हणून कळवते." आणि मग शांतपणे तिनं आपली स्कूटर आणली, रिकाम्या पोर्चमध्ये सावलीत लावली आणि स्टँडवर चढवली. "हे आता उघडून साफ करायला किती दिवस?"

रघूत्तमनं कार्ब्युरेटरमध्ये डोकावून बघितलं. "मोठं काही नाही. तीन रविवार."

उपेंद्र भर उन्हात, तळहातावर झेंडूची पाकळी घेऊन उभा होता. वीस वर्षांच्या नोकरीत चौकशी इतक्या लवकर कधी संपली नव्हती. त्यानं गाडीच्या आरशात बघितलं, कपाळावरचं ग्रीस पुसलं आणि अतिशय आदरानं म्हणाला,

"उपेंद्रराव, आपण जेवायला चला."