पार्लरमध्ये बंदोबस्त

गच्चीवालीची डावी भुवई झाली होती, उजवी व्हायची होती, आणि नेमकी तेव्हाच पोलीसबाई पार्लरच्या दारात येऊन उभी राहिली.

गच्चीवाली म्हणजे गल्लीच्या टोकाच्या घरातली वहिनी. परवानगीच्या भानगडीत न पडता तिने गच्चीवर एक खोली चढवली आणि तेव्हापासून तिला हे नाव चिकटलं. आरशात वर्दी दिसताच ती खुर्चीतून अशी उठली की पार्लरवाल्या ताईच्या दातातला दोराच तुटला.

"अहो वहिनी, दुसरी राहिलीये!" ताई ओरडली.

"राहू दे गं, गॅसवर दूध ठेवून आलेय," असं म्हणत गच्चीवाली एका भुवईनिशी पसार झाली. सोफ्यावर नंबर लावून बसलेल्या दोघींनाही त्याच क्षणी आपापलं दूध आठवलं.

ताई तुटलेला दोरा हातात घेऊन पुढे झाली. "काय झालं मॅडम? आमचं काही चुकलं का?"

"छे हो! मी नुसती बसायला आलेय," पोलीसबाई म्हणाली, आणि सोफ्यावर टेकून ती खरोखरच नुसती बसली.

झालं होतं असं की पोलीस ठाण्याला नवे साहेब आले होते आणि येताना एक योजना घेऊन आले होते. चोर पकडण्यात काय मोठेपणा, चोरी होऊच द्यायची नाही. त्यासाठी पोलिसांनी लोकांत जाऊन बसायचं, त्यांचा विश्वास मिळवायचा, म्हणजे कुठे काही शिजत असेल तर आधीच वास येतो. पुरुष पोलिसांना चहाची टपरी आणि व्यायामशाळा वाटून दिल्या गेल्या. बायका मनातलं कुठे बोलतात, असा प्रश्न निघाला तेव्हा साहेबांनी ताईच्या पार्लरवर बोट ठेवलं. आता रोज दुपारी पोलीसबाईची बैठक तिथेच.

साहेबांचा अंदाज चुकीचा नव्हता. गिऱ्हाईक ताईकडे भुवयांसाठी येतच नव्हतं, भुवया हे निमित्त होतं. दोरा दातात धरला की ताईला बोलता येत नसे, आणि समोरचा माणूस मध्ये तोंड घालत नाही म्हटल्यावर कोण गप्प बसेल? सासू, नणंद, जाऊ, नवऱ्याचा पगार, शेजारणीची नवी सून, सगळं त्या खुर्चीत ओतलं जाई. पण हे सगळं वर्दीसमोर कोण ओतणार?

ताईचा जीव टांगणीला लागला, कारण पार्लर म्हणजे घराचीच पुढची खोली होती. धाकट्या दिराचा त्या खोलीवर डोळा होता. त्याला तिथे मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकायचं होतं. शेवटी सासूबाईंनी निवाडा दिला होता, "महिनाअखेरपर्यंत बघते. गिऱ्हाईक टिकलं तर खोली सूनबाईची, नाही टिकलं तर ह्याची." सासूबाई स्वतः रोज दुपारी आतल्या दारामागे, पडद्याला लागून भाजी निवडत बसत. तीच ती मूठभर गवार त्या कितीतरी वेळ निवडत, पण आपण काही ऐकतो हे त्यांनी कधी कबूल केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी समोरच्या घरातल्या आजोबांनी बातमी फोडली, "छापा पडला! क्रीम बनावट निघालं." संध्याकाळपर्यंत त्या क्रीमने एका बाईचा चेहरा काळा पडला होता. ती बाई कोण हे कुणालाच सांगता येत नव्हतं, पण तिची कीव सगळ्यांना येत होती.

"त्यांना साध्या कपड्यात यायला सांग ना," ताईच्या नवऱ्याने जेवताना सुचवलं. नवऱ्याने सुचवलेलं म्हणजे निस्तरायला आपल्यालाच, हे माहीत असूनही ताईने सांगून पाहिलं. पोलीसबाई बिचारी लगेच तयार झाली आणि फुलाफुलांचा ड्रेस घालून आली.

मग तर आगीतून फुफाट्यात! "आता गुप्त पोलीस बसवलेत," असं गल्लीत पसरलं. वर्दी होती तेव्हा निदान पोलीस कोण ते कळत होतं. आता जो चेहरा ओळखीचा नाही तो पोलीस. गल्लीत नवीनच राहायला आलेली एक नवी नवरी फेशियलला आली, तर तिला बघून दोन जुनी गिऱ्हाइकं उंबऱ्यावरूनच मागे वळली.

"त्यांचं काय बिघडलं हो?" नवरीने निरागसपणे विचारलं.

"दूध," ताई म्हणाली.

इकडे गल्लीतल्या चोऱ्या मात्र थांबल्या. थांबणारच! पार्लरमध्ये कोण जातं आणि पोलिसांच्या कानाला कोण लागतं हे बघायला घराघरातली बाई खिडकीत उभी. अशा गल्लीत चोर शिरेल कशाला? दाराबाहेरची चप्पलसुद्धा जागची हलेना. साहेब बेहद्द खूश झाले.

"माझं नाव घेऊन कौतुक केलं साहेबांनी!" पोलीसबाई आनंदाने सांगत आली. "म्हणाले, आता तुम्ही वर्षभर तिथेच बसा."

ताईला रडूच कोसळलं. "मॅडम, तुम्ही माणूस चांगल्या आहात हो. पण तुम्ही इथे आहात तोवर माझ्याकडे काळं कुत्रं फिरकणार नाही. महिनाअखेरीला ही खोली माझ्या हातातून जाईल."

पोलीसबाईचं तोंड एवढंसं झालं. "मला तरी काय हौस आहे? विश्वास मिळवा म्हणतात. मी दिसले की लोक उठून जातात. बसमध्ये बाकावर बसले तर शेजारची बाई उभी राहते. विश्वास काय बाजारात मिळतो?"

ताईला तिची दया आली. रिकामे हातही शिवशिवत होतेच. "या, खुर्चीत बसा," ती डोळे पुसत म्हणाली. "भुवया किती वाढल्यात बघा तुमच्या."

पोलीसबाईने मान मागे टाकली, डोळे मिटले. ताईने दोरा दातात धरला. आणि खुर्चीने आपलं काम केलं.

"साहेबांचं काय सांगू ताई तुम्हाला! आमच्यावर डाफरतात, पण बायकोचा फोन आला की उभं राहून बोलतात. तिने गोड बंद केलंय त्यांचं. म्हणून टेबलाच्या खणात बिस्किटं लपवतात. आणि ती रोज कुणीतरी खातं! अख्ख्या भागात चोरी नाही आणि पोलीस ठाण्यात रोज चोरी. साहेब स्वतः तपास करतायत, अजून चोर सापडलेला नाही."

"कोण खातं गं?" पडद्यामागून आवाज आला.

"मीच," पोलीसबाई म्हणाली.

पडदा बाजूला झाला. सासूबाई गवार तिथेच टाकून स्टूल घेऊन बाहेर आल्या आणि पोलीसबाईच्या डोक्याशी बसल्या. "मग पुढे?"

दुसऱ्या दिवशी सासूबाई भाजीच्या गाडीपाशी नेहमीपेक्षा बराच वेळ रेंगाळल्या. त्या दुपारी पार्लरमध्ये बसायला जागा उरली नाही. गच्चीवालीसुद्धा आली, डावी भुवई पेन्सिलीने उजवीएवढी जाड करून. "मॅडम, माझ्या गच्चीवर ती खोली..." तिने चाचरत सुरुवात केली.

"ते खातं वेगळं हो," पोलीसबाई म्हणाली. "तर काल मी काय सांगत होते?"

एकीने मनातलं सांगितलं की दुसरीलाही सांगावंसं वाटतं. हळूहळू बायकाही पोलीसबाईला आपलं सांगू लागल्या. मागच्या बोळात दिवा नाही, मुली क्लासवरून येताना घाबरतात. कोपऱ्यावर दोघे टवाळ मोटारसायकली लावून वाट अडवतात. पोलीसबाईने बोळात दिवा लावून घेतला, टवाळांना गोड शब्दांत हलवलं. वर्दीत आली तरी आता सोफ्यावरच्या बायका सरकून तिला जागा देत. तिला ते इतकं सुखाचं वाटे की सुट्टीच्या दिवशीही ती चक्कर टाकून जाई.

पण सुखाला दृष्ट लागली. एका सकाळी साहेब गाडीतून उतरून गल्लीत पाहणीला आले, तर भाजीवाली आपुलकीने म्हणाली, "साहेब, बिस्किटचोर सापडला का?"

साहेबांचा चेहरा टोमॅटोसारखा झाला. ते तडक पार्लरच्या दारात. "उद्यापासून एकही पोलीस ह्या पार्लरची पायरी चढणार नाही! लोकांनी आपल्याकडे यायचं, आपण लोकांकडे जायचं नाही!" पोलीसबाईची रवानगी चौकात वाहतूक सांभाळायला झाली.

आणि पार्लर पुन्हा ओस पडलं. बायका दारातून डोकावत, "आज ती नाही का? मग उद्या बघते," म्हणत निघून जात. पोलीस येतो म्हणून बुडालेला धंदा पोलीस येत नाही म्हणून बुडाला. महिनाअखेर आली. दीर सकाळीच टेप घेऊन भिंती मोजू लागला. ताई आरसा पुसत होती आणि आरशात आपलं रडवेलं तोंड दिसू नये म्हणून खाली बघत होती.

एवढ्यात एक अनोळखी बाई आत आल्या. अंगावर ठेवणीतली साडी, चालण्यात रुबाब. "भुवया करायच्यात," म्हणत त्या खुर्चीत बसल्या. "आमच्या घरी हुकूम निघालाय, त्या पार्लरात पाऊल टाकायचं नाही म्हणून. साहेब असतील ते ठाण्यात! मला आजवर कुणी अडवलं नव्हतं, म्हटलं बघावं तरी इथे आहे काय."

ताईच्या हातातलं फडकं गळून पडलं. तिने घाईघाईने दोरा दातात धरला. बाईंनी मान मागे टाकली, डोळे मिटले आणि एक दीर्घ उसासा सोडला.

"बाहेर एवढा दरारा, पण घरी काय अवतार असतो म्हणून सांगू..."

समोरच्या खिडक्या एकेक करून उघडल्या. नवी नवरी धावतच आली, मागोमाग गच्चीवाली. "अहो, सोफ्यामागची भिंत मोजायचीय मला," दीर कुरकुरला. सासूबाईंनी त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. "तुझ्या दुकानाला जागा दुसरीकडे बघ," त्या म्हणाल्या आणि स्टूल ओढून घेतलं.

"सूनबाई," त्या हळूच म्हणाल्या, "ह्यांच्या भुवया सावकाश कर हं. एकेक केस."